ताईंनी आणलेले स्पीकर

न विचारता, न सांगता ताई दोन खोकी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली. खोक्यांवर चित्र होतं: मॉनिटर स्पीकर, एक जोडी.

“एक जोडी आहे की आपल्याकडे,” वहिनी म्हणाली.

“आहे ना. तिच्यावर तुला माझा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून ही दुसरी.” ताई थेट मागच्या खोलीत शिरल्या.

मागची खोली म्हणजे वहिनीचा स्टुडिओ. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीवर रजई. ताई तिची थोरली नणंद, पंचवीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचून निवृत्त झालेली. एका जाडजूड कादंबरीचं ऑडिओबुक दोघींनी मिळून करायला घेतलं होतं. ताईंनी वाचायचं, वहिनीनं रेकॉर्ड करून आवाजाची साफसफाई करायची. बावीस प्रकरणं झाली होती आणि प्रत्येकावर ताईंचं एकच पालुपद, “हा माझा आवाज नाही.” वहिनीचंही उत्तर ठरलेलं, “वयाप्रमाणे आवाज बदलतो, ताई.” मग ताई दोन दिवस अबोला धरत. वहिनीला ते दोन दिवस फार आवडायचे.

बहीण आणि बायकोच्या कात्रीत सापडलेला नवरा केबल जोडायला टेबलाखाली शिरला आणि काम संपल्यावरही बराच वेळ तिथेच राहिला. नवे स्पीकर छोटे, चौकोनी. जुन्या भारदस्त जोडीच्या शेजारी ते डब्यांसारखे दिसत होते. मध्ये एक बटण होतं. ते दाबलं की आवाज एका जोडीतून दुसऱ्या जोडीत जायचा.

“फरक तरी कळेल का तुम्हाला?” वहिनीनं विचारलं.

“माईकसमोर जन्म गेलाय माझा.”

“मग डोळे मिटा.”

ताईंनी मिटले. वहिनीनं ताज्या प्रकरणातला एक परिच्छेद लावला. “ही जुनी जोडी.” मग नखानं टेबलावर टक् केलं, बटणाला हातसुद्धा लावला नाही, आणि तोच परिच्छेद पुन्हा लावला. “आणि ही तुमची.”

“बघ!” ताईंचा चेहरा उजळला. “केवढा फरक! असा आहे माझा आवाज.”

“डोळे उघडा. दोन्ही वेळेला जुनीच जोडी होती.”

टेबलाखालून हसण्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. ताईंचा चेहरा खर्रकन उतरला.

“फसवलंस मला.”

“मी कुठे? तुम्हीच फसलात.”

ताई उठल्या आणि फोनवर टॅक्सी बोलावत बाहेर गेल्या. त्यांच्या मागोमाग नवराही खाली मान घालून गेला. वहिनी खुर्चीत ऐसपैस बसली. इतके महिने गिळलेल्या टोमण्यांची आज परतफेड झाली होती. आता या डब्यांतून काय रडगाणं येतं ते ऐकावं म्हणून तिनं या वेळी खरंच बटण दाबलं.

पहिल्याच वाक्याला तिचा हात थांबला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज पाण्यात बुडवल्यासारखा होत होता. भिंतीपलीकडच्या फ्रीजची घरघर काढण्याच्या नादात तिनं ताईंच्या आवाजाच्या कडाच कुरतडल्या होत्या. जुन्या जोडीच्या घुमाऱ्यात ते झाकलं जात होतं. तिनं पहिलं प्रकरण लावलं, मग नववं, मग सोळावं. सगळीकडे तेच.

ताईंना कोणती जोडी वाजतेय ते कळलं नव्हतं. पण आवाज त्यांचा नव्हता, हे खरंच होतं.

हे इतर कुणालाही ठाऊक नव्हतं. वहिनीनं गप्प बसण्याचा विचार केला, नाही असं नाही. मग ती उठून बाहेर गेली.

“तुमचं बरोबर होतं. मी आवाज जास्त घासला. बावीसच्या बावीस प्रकरणं खराब झालीत.”

“मला परत वाचायला लावणार?”

“नाही. मूळ रेकॉर्डिंग आहे. मलाच परत करावं लागेल.”

“मग कर. स्पीकर मी घेऊन चाललेय.”

“काम होईपर्यंत राहू द्या.”

“हुकूम आहे का?”

वहिनीनं दातओठ खाल्ले. “नाही.”

“मग नीट माग.”

“ताई, जाऊ दे ना,” नवरा म्हणाला.

“तू हसलास. तू मध्ये बोलू नकोस.”

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. ताई जागच्या हलल्या नाहीत.

“तुमचे स्पीकर काही दिवस मला द्याल का?” वहिनी म्हणाली.

“देईन. पण माझं वय पुन्हा काढलंस तर उरलेली प्रकरणं तूच वाच.”

पुढचे तीन आठवडे वहिनी बावीस प्रकरणं नव्यानं साफ करत बसली. ताईंनी ती सगळी ऐकली. “आता ठीक आहे,” असं त्या भावाला म्हणाल्या, तेही वहिनी समोर बसलेली असताना. उरलेली प्रकरणं दोघींनी कामापुरतं बोलत पूर्ण केली.