गालाला कळणारी धग

काचबिंदूनं सत्यशीलाबाईंची नजर गेली, तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. यवतमाळच्या घरात त्यांचा मुलगा संघदीप त्यांना शेगडीजवळ फिरकू देत नसे. काळजीपोटीच, पण चाळीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला बसून खाणं जड जात होतं.

सून मोनाली लोहारा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला. एका रविवारी तिनं स्वतःच्याच डोळ्यांवर ओढणी बांधली आणि विजेच्या शेगडीवर चहा करून पाहिला. दूध उतू गेलं. पण कॉइल तापली की हातभर अंतरावरूनही गालाला कळतं, हे तिच्या ध्यानात आलं. मग तिनं सासूबाईंना शेगडीसमोर बसवलं. मधे परात धरली की धग तुटायची, काढली की लगेच परत यायची.

"हे धग हवेसंग नाही येत, आई," ती म्हणाली. "उन्हावानी सरळ येते. तुमच्या गालावर भरोसा ठेवा."

सत्यशीलाबाई शिकल्या. बटण बंद केल्यावरही कॉइल किती वेळ तापलेली राहते, तेही त्यांना गालानंच समजू लागलं. पण आठवडाभरात चकचकीत स्टीलच्या गंजाला, म्हणजे उभ्या पातेल्याला, हात लागून बोटं भाजली. जवळ वाकूनही त्यांना धग जाणवली नव्हती. संघदीप चिडला आणि शेगडी उचलून माळ्यावर टाकायला निघाला.

मोनालीनं त्याला थांबवलं. तिनं दोन गंजांत उकळतं पाणी ओतलं. एक चकचकीत, दुसरा चुलीवर वापरून काळा पडलेला. वीतभर अंतरावरून दोन्हींकडे गाल न्यायला संघदीपला सांगितलं. काळ्याची धग लगेच लागली, चकचकीत गंजाची जेमतेम.

"चकचकीत भांडं आपली गरमी बाहेर कमी टाकते," ती म्हणाली. "आईची चूक नाही."

संघदीपनं शेगडी परत जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यानंच काळी लोखंडी कढई आणि लाकडी मुठीचं काळं पातेलं आणलं.

परवा मोनाली कारखान्यातली पाळी संपवून दुपारी घरी आली, तर सत्यशीलाबाईंनी गरम पिठलं-भाकर वाढून ठेवली होती. पहिला घास होईपर्यंत त्या थांबल्या.

"सगळ्यायनं मले जपलं, बाई," त्या म्हणाल्या. "तू मले माहं घर वापस देल्लं."

मोनालीनं सासूबाईंचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं आणि त्यांचंही ताट वाढलं.