फाटक कोणी लावलं?

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे आणि आधीच सांगून टाकतो, माझा माणसांवर विश्वास नाही.

इंग्लंडातल्या रीडिंग शहराहून गाडीनं अर्ध्या तासावर, टेकडीच्या उतारावर दोन कुरणं आहेत. त्यांच्या मधल्या फाटकाची कडी माझ्यात अडकते. मी मूळचा इथल्याच रानातला ओक. ट्रेव्हर नावाच्या शेतकऱ्यानं तरुणपणी मला तासला, पुरला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "उभा राहा." तो मी अजून उभाच आहे. आता अंगावर शेवाळ चढलंय, कडी गंजलीय आणि पायवाट दाखवणारा माझ्यावरचा पिवळा बाण फिका पडलाय. थाप मारायला कोणाला वेळ नाही.

उन्हाळा सरत आला की शहरातली माणसं इथं फिरायला येतात. गवत पिवळं पडतं, काटेरी झुडपांवर ब्लॅकबेरी काळ्या होतात, पाकोळ्या तारेवर बसून परदेशी जायच्या गोष्टी करतात. एका वर्षी अशाच हसऱ्या मंडळींनी फाटक सताड उघडं टाकलं आणि ट्रेव्हरच्या मेंढ्या मोटारींच्या रस्त्यावर गेल्या. विचारलं तर प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडं. तेव्हापासून येणाऱ्याचे मी आधी हात बघतो.

गेल्या सप्टेंबरात, एका शनिवारी सकाळी तिघं आली. पुष्कर, त्याची नऊ वर्षांची मुलगी सिया आणि साताऱ्याहून पाहुणी आलेली त्याची देवयानी आत्या. तिची सारी नोकरी गुरांच्या दवाखान्यात झालेली. हातात भलामोठा डबा. म्हटलं, झालं, आज कचरा होणार.

आत्या माझ्यापाशी थबकली. "अरे, लोकांच्या शेतात असं न विचारता शिरायचं?"

"आत्या, पब्लिक फुटपाथ आहे हा. तो बाण बघ ना. राइट आहे आपला."

"बाणाला विचारलंस. मालकाला विचारलंस का?"

ही बाई मला जरा बरी वाटली. पण जराच.

फाटक त्या दिवशी उघडं होतं. वरच्या कुरणातलं पाण्याचं कुंड फुटलं होतं, म्हणून ट्रेव्हरनंच ते उघडं ठेवलं होतं. गुरांनी खाली तळ्यावर यावं, पाणी प्यावं. पुष्करला हे कुठून ठाऊक असणार? वर जाताना त्यानं फाटक ओढलं आणि माझ्यात कडी घातली, खट्ट!

"बाबा, गेट तर ओपन होतं," सिया म्हणाली.

"कोणीतरी बेजबाबदारपणे टाकलं असेल. गुरं पळाली तर आपल्यावर यायचं."

त्याला खरं सांगायला हवं होतं. पण खांबाला तोंड कुठलं?

ती रानात दिसेनाशी झाली. ऊन चढलं. अकरा गायी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली तांबडी आज-उद्या विणार होती. ती माझी कडी चाटत होती, लोखंडाचा गारवा तेवढाच. पाणी पन्नास पावलांवर चमकत होतं.

चार वाजता तिघं परतली. सियाची बोटं ब्लॅकबेरीनं जांभळी झाली होती. वाटेत गायींची भिंत आणि एकच हंबरडा.

"मागं हो, सिया!" पुष्कर ओरडला. "गायी तुडवतात कधीकधी. आपण लांबून वळसा घालू."

आले तसे निघाले, मी मनात म्हटलं.

आत्या मात्र हलेना. "थांब रे. ही रागाची हंबर नाही, तहानेची आहे. नाकं बघ कशी कोरडी पडलीत. आणि ही तांबडी तर दिवस भरलेली."

"आत्या, नको जाऊस!"

"तीस वर्षं यांच्यातच काढली. तू तुझा कॉम्प्युटर सांभाळ."

ती हलकेच गायींमधून पुढं आली. दरेकीच्या पाठीवर हात ठेवत, गुणगुणत:

*"चल गं तांबडे माय, पाणी खालच्या अंगाला,*
*तुझ्या पोटीच्या लेकराचा जीव लागला टांगणीला."*

कडी निघाली. गायी उतारानं तळ्याकडं निघाल्या, तांबडी सगळ्यांत शेवटी.

तेवढ्यात ट्रेव्हरची चारचाकी बाईक घरघरत आली. त्यानं तळ्यावरची झुंबड पाहिली, तिघांना पाहिलं. त्याचा चेहरा तांबडा झाला.

"फाटक कोणी लावलं होतं?"

मी पुष्करकडं पाहिलं. सुटणं किती सोपं होतं! आम्ही आलो तेव्हा लावलेलंच होतं, एवढंच म्हणायचं. उलट आम्हीच उघडलं म्हणून शाबासकीही मिळाली असती. मी तर मनाशी पैज लावली होती, हा तेच म्हणणार.

पुष्कर एक पाऊल पुढं आला. "मी लावलं. सकाळी. मला वाटलं, मी बरोबर करतोय. सॉरी."

ट्रेव्हर त्याच्याकडं बघतच राहिला. मग तळ्यापाशी उतरला. आत्या आधीच तांबडीच्या शेपटीमागं वाकून बघत होती. तिनं त्याला दोन बोटं दाखवली. त्यानं डोकं हलवून तीन दाखवली.

"आजी, तो काय म्हणतोय?" सियानं विचारलं.

"म्हणतोय तीन दिवस. चुकतोय. दोनच."

तांबडी सोमवारी व्याली. आत्या जिंकली आणि मी पैज हरलो.

मित्रांनो, माझा संशय अजून गेलेला नाही. म्हाताऱ्या लाकडाची गाठ ती, सहज सुटत नाही. पण तुमच्याकडं एक मागणं आहे. फाटक उघडं दिसलं तर उघडं राहू द्या, लावलेलं दिसलं तर पुन्हा लावा. आणि कधी चुकलात, कोणी विचारलं, तर खांबाकडं बोट दाखवू नका. "मी" म्हणा.