सुरमीबाईला न मिळालेला गंज

मी एक जुना गंज आहे. गंज म्हणजे लोखंडावर चढतो तो तांबूस थर नव्हे. आमच्या बुलडाण्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. माझं वय तसं फार नाही, पण कडा चेपल्या, बूड काळं पडलं आणि स्वभाव बिघडला की भांडं जुनंच म्हणायचं. तुम्हा पोरांना 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. तुमच्या आईबापांना मी मित्र मानत नाही, आणि का मानत नाही ते सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापला, साच्यावर दाबला, कड्या ठोकल्या. जालन्याच्या भांड्यांच्या दुकानासमोर मी बरेच दिवस उन्हात उपडा पडून होतो. तिथून इथल्या एका बड्या शेतकऱ्यानं, रंगरावांनी, मला देऊळगाव राजाच्या पलीकडच्या या गावात आणलं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर मला मोडीत घालतील, आणि मोडीत जाण्याआधी मला एक काम करून घ्यायचं आहे.

या गावात शेडनेट आहेत. हिरव्या जाळीखाली मिरचीचं आणि टोमॅटोचं बियाणं तयार करतात. त्यासाठी एकेका फुलाला हातानं पराग लावावा लागतो. काम नाजूक आणि पाठ मोडणारं. गावातल्या पोरांना ते नको होतं, म्हणून मध्य प्रदेशातून, बडवानीकडून कुटुंबं बोलावली. ती आली आणि इथंच राहिली, कारण त्यांचं तिकडचं घर धरणात गेलं होतं. नाल्याकाठी त्यांच्या झोपड्या आहेत. सुरमीबाई त्यांतलीच. तिच्या बोटांवर आपलं शेडनेट उभं आहे, असं खुद्द रंगराव म्हणतात. फक्त तिच्यासमोर म्हणत नाहीत.

मग शहरातल्या एका संस्थेनं गावांना छोटे निधी द्यायचं ठरवलं. बाहेरून आलेल्या कुटुंबांचं गावानं स्वागत करावं, त्यांच्यासोबत सण साजरे करावेत, एवढीच अपेक्षा. रंगरावांनी लगेच समिती केली. तिच्यात बाहेरून आलेलं एकही माणूस नव्हतं. उपक्रमाला 'आपुलकीची पंगत' असं नाव दिलं आणि त्या निधीतून मला विकत घेतलं. माझ्या पोटावर नाव घातलं, 'नवागत बांधवांना सप्रेम भेट'. मी भोळा. मला वाटलं, आता आपण या लोकांचे झालो.

पहिल्या पंगतीला माझ्यात वांग्याची भाजी शिजली आणि शेजारी रोडगे भाजले. नाल्याकाठची माणसं धुतलेले कपडे घालून आली. त्यांना देवळासमोर पहिल्या ओळीत बसवलं, पुढे पत्रावळी मांडल्या. रंगरावांच्या मुलानं, शेखरनं, मोबाइलवर फोटो काढले. भाजीचा एक थेंब अजून कुणाच्या पत्रावळीवर पडला नव्हता, तोच रंगराव म्हणाले, "उठा बरं आता. गावातल्या लोकायले बसू द्या पहिले. तुमाले मांगून भेटते."

माणसं उठली. लेकरांनासुद्धा उठवलं. भरल्या पंगतीतून पाहुण्याला उठवतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. त्यांची पाळी आली तेव्हा माझ्या तळाला नुसता रस्सा होता. फोटो मात्र फार छान आले. संस्थेला आवडले म्हणे.

त्यानंतर मला देवळामागच्या खोलीत ठेवलं. किल्ली अंबूबाईंकडे, म्हणजे रंगरावांच्या मंडळींकडे. बारसं असो, तेरवी असो, गावातल्या कुणीही यावं आणि मला उचलून न्यावं. कुणाला नाही म्हटलं नाही. मलाही काम आवडतं, खोटं कशाला बोलू.

मग सुरमीबाईच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. नवरदेवाकडचं मोठं वऱ्हाड येणार होतं. झोपड्यांमध्ये सगळी भांडी चार माणसांच्या घरची. सुरमीबाई खोलीच्या दाराशी आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मावशी, तो गंज पाहिजे होता. पोरीचं लग्न हाय."

अंबूबाई म्हणाल्या, "तुमच्यात बकरं शिजते, बाई. हा देवळातला गंज हाय."

"मटन नाई करनार, मावशी. दाल-चावलच करनार. घासून वापस देते."

"मले काऊन इचारतं? यायले इचार."

ती रंगरावांकडे गेली. ते खोलीच्या ओट्यावरच बसले होते. "मी नाही म्हणून राह्यलो का?" ते म्हणाले. "पण समितीचा ठराव घ्या लागते ना. मिटिंगमध्ये पाहू."

देवळातला गंज म्हणे. मागच्या आखाडात याच शेखरनं मला शेतावर नेलं होतं आणि मित्रांसाठी माझ्यात अख्खं बोकड शिजवलं होतं. तेव्हा कुठं गेला होता ठराव? मला पाणी दाखवून परत आणून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यातच देवळाच्या प्रसादाचा शिरा झाला. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ला. मला तोंड असतं तर तिथंच बोललो असतो.

मिटिंग झालीच नाही. लग्नाच्या दिवशी मी रिकामाच कुलपात होतो. नाल्याकाठी पन्नास पातेल्यांमध्ये थोडा थोडा भात शिजत होता. एका चुलीवर कच्चा, दुसरीवर करपलेला. वऱ्हाड बसलं आणि वाढणं तुटक तुटक येऊ लागलं. एकाला भात, तर शेजाऱ्याची पत्रावळ कोरडी. नवरदेवाचा मामा ताटावरून उठला. त्याच्यामागे आणखी माणसं उठली. सुरमीबाईच्या नवऱ्यानं त्याचे पाय धरले, तरी तो परत बसला नाही. लग्न लागलं, पण ती पोरगी त्या घरात आजही 'उपाशी पाठवणाऱ्यांची' म्हणून बोलणी खाते.

हे मला कसं कळलं? अंबूबाई खोलीत चमचे मोजता मोजता शेजारणीला सांगत होत्या. सांगताना हसत होत्या. "त्यायले रीतच नाही माय, पाहुण्याले जेवू घालायची." हे ऐकून माझ्या पत्र्याला झिणझिण्या आल्या. राग म्हणजे काय, ते मला चुलीवर कधी कळलं नव्हतं. ते या थंड खोलीत कळलं.

पुढच्या वर्षी पुन्हा निधी मिळाला. संस्थेच्या बाई पाहायला आल्या. मला चिंच लावून घासलं आणि अंगणात मांडलं. रंगरावांनी नाल्याकाठी निरोप पाठवला की फोटोला या. सुरमीबाई आली नाही. कुणीच आलं नाही. रंगराव बाईंना म्हणाले, "पाहा मॅडम. एवढं करून राह्यलो त्यायच्यासाठी, पण कदरच नाही." बाईंनी मान डोलावली. माझ्या पोटावरचं नाव वाचलं आणि छान आहे म्हणाल्या. वाचता येणाऱ्या माणसांचा मला तेव्हापासून कंटाळा आला आहे.

तर मित्रांनो, जुन्या भांड्यांची काळजी घ्या, त्यांना घासूनपुसून ठेवा, असं मी या ठिकाणी म्हणायला हवं. मी म्हणणार नाही. मला घासू नका, तेलपाणी करू नका, माझं कौतुक तर मुळीच करू नका. मला पोचे आले तरी चालतील.

या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुरमीबाईच्या धाकटीचं लग्न आहे. या खेपेस ती कुणाच्या दाराशी मागायला आलेली नाही, येणारही नाही. अंबूबाई किल्ली खोलीच्या चौकटीवर डाव्या कोपऱ्यात ठेवून जातात. लपंडाव खेळताना तुम्ही ती कितीदा काढली आहे, मी पाहिलं आहे. मला उचलायला दोन मोठी माणसं लागतात. तुम्ही चौघं असलात तरी जमेल, दमलात तर रस्त्यावरून लोटत नाल्याकाठी न्या. मोठ्यांना विचारू नका, भर दिवसा न्या, आणि कुणी अडवलं तर कुठं चाललात ते खरं सांगा. फक्त उशीर करू नका. वऱ्हाड बसायच्या आत मला चुलीवर चढवा.