डब्याची पिशवी माझ्या तोंडून बोलली

मित्रांनो, मी जुना टॅब आहे हे वेगळं सांगायला नको. माझ्या काचेच्या डाव्या कोपऱ्याला तडा गेलाय, पाठीवर अर्धवट खरवडलेला स्टिकर आहे, आणि चार्जरची पिन जरा वाकडी धरली तरच माझ्या पोटात वीज शिरते. पाचवीच्या वर्गातल्या कपाटात, खडूंच्या खोक्याशेजारी माझा मुक्काम असतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथला झगझगीत पांढरा उजेड आणि हातमोजे घातलेली बोटं एवढंच मला आठवतं. पहिली नोकरी लागली ती एका कचेरीच्या दारात. येणारा-जाणारा माझ्यावर बोटानं सही करायचा आणि पुढं जायचा. सही तरी कसली, नुसत्या रेघोट्या. वर्षानुवर्षं मी त्या रेघोट्या सांभाळल्या, पण कुणी मला कधी नीट बघितलंसुद्धा नाही. मग तिथं नवे, सडपातळ टॅब आले आणि आम्हा चौघा जुन्यांना खोक्यात भरून शाळेला देऊन टाकलं. दोघांनी इथं आल्या आल्याच मान टाकली. तिसऱ्याचा आवाज बसला. माझा आवाज मात्र खणखणीत होता, आणि खरं सांगतो, त्याचा मला भारी तोरा होता.

पाचवीच्या बाई मोठ्या हौशी. नवं काही दिसलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "फुकट आहे ना? मग बघू या." शाळेकडे विकतच्या गोष्टींसाठी पैसे नव्हते, म्हणून बाई फुकटची ॲप शोधून माझ्यात भरायच्या. एका ॲपमध्ये आवाज साठवून त्यांचं गाणं करता यायचं. पोरांनी गळका नळ, डस्टरची थाप आणि मागच्या बाकाची कुरकुर जोडून असं काही गाणं केलं की शेजारच्या वर्गातल्या सरांनी येऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या ॲपमध्ये फोटो एकापुढे एक लावले की वस्तू चालायच्या. पेन्सिलीचा एक तुकडा टेबलावरून चालत गेला, शार्पनरला घाबरला आणि परत पळाला. ते बघून वर्ग हसून लोटपोट झाला होता.

मुख्याध्यापक सरांनी एकदा दारातून विचारलं, "बाई, खेळ चाललाय की अभ्यास?"

"दोन्ही, सर," बाई म्हणाल्या.

फुकटच्या मालाला खोड असायचीच. ऐन अपूर्णांकात माझ्या तोंडावर बुटांची जाहिरात उगवायची. कधी मी मध्येच हँग व्हायचो आणि पोरं मला गदागदा हलवायची. पण खरं सांगू? कचेरीतल्या त्या कोरड्या बोटांपेक्षा ही चिकट, शाईनं माखलेली बोटं मला लाख पटींनी आवडायची. पाच-सहा जणांच्या एका गटात मी एकटा, त्यामुळे माझ्यासाठी भांडणं व्हायची. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला मी हवा होतो.

मग बाईंना ते बोलक्या चित्रांचं ॲप सापडलं. चित्र काढायचं, त्याला तोंड जोडायचं, आपला आवाज भरायचा, की चित्र बोलायला लागतं. आवाज जाडा करा, बारीक करा, म्हाताऱ्याचा करा. फुकटात फक्त तीस सेकंद मिळायचे. बाईंच्या डोक्यात लगेच कल्पना आली. वस्तूचं आत्मवृत्त म्हटलं की सगळा वर्ग मार्गदर्शकातली तीच तीच फाटकी छत्री उतरवून आणायचा. बाई म्हणाल्या, "या वेळी वही बंद. घरातली एक वस्तू काढा आणि तीस सेकंद तिला बोलू द्या. तुम्ही मध्ये पडायचं नाही."

काय एकेक वस्तू बोलल्या म्हणून सांगू. एका तव्यानं आपले चटके सांगितले. एका सोफ्यानं कुणाच्या तरी काकांच्या वजनाची रीतसर तक्रार केली. पायपुसण्यानं तर सगळ्या घराच्या पायांची लाजच काढली.

या वर्गात एक मुलगी होती, खारू. हे काही तिचं खरं नाव नव्हतं. तोंडात दाणे भरलेल्या खारीसारखी गाल फुगवून गप्प बसायची, म्हणून पोरांनी ठेवलेलं. बाईंनी विचारलं तर मान हलवायची, जास्तच विचारलं तर फळ्याकडे बघायची. तिचा नंबर आला तेव्हा ती मला घेऊन खिडकीपाशी जाऊन बसली. तिनं एक निळी डब्याची पिशवी काढली, आणि तिचा बंद जिथं लाल दोऱ्यानं शिवला होता ते टाकेसुद्धा काढले. मग मला अगदी ओठांजवळ धरलं आणि पुटपुटली. मी तो आवाज म्हाताऱ्याचा केला. तिनंच तसं सांगितलं होतं.

पिशवी म्हणाली, "मी बाबांची डब्याची पिशवी. आई मला रोज भरते आणि म्हणते, नीट जा. आम्ही नीट जातो. पण छापखान्यात जात नाही. छापखान्याला कुलूप आहे. आम्ही बागेतल्या बाकावर बसतो. बाबा डबा खातात, आणि मग पुष्कळ वेळ माझा बंद बोटाला गुंडाळतात, सोडतात, गुंडाळतात. संध्याकाळी आम्ही घरी जातो. आई विचारते, दमलात का? बाबा हो म्हणतात. ते मात्र खोटं नसतं."

मित्रांनो, मला तेव्हा काही कळलं नाही. मी वस्तू आहे, आवाज साठवणं एवढंच माझं काम. पण बाईंना कळायला हवं होतं. एकदा पाण्याच्या टाकीचं काम निघालं म्हणून शाळा लवकर सुटली होती. त्या दिवशी खारू बागेवरून घरी जात होती आणि तिनं बाबांना बाकावर बसलेलं बघितलं होतं. झाडामागे उभी राहून बघितलं, वाटेत छापखान्याचं कुलूपही बघितलं, आणि कुणाला काही न सांगता घरी गेली. पिशवी बोलली ते सगळं खरं होतं.

बाईंनी ते ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय गं कल्पना तुझी, खारू," त्या म्हणाल्या. "पिशवी अगदी समोर उभी केलीस. आणि शेवट तर किती सुंदर."

मला पुढच्या बाजूनंही एक डोळा आहे. त्यातून मी खारूकडे बघत होतो. शाबासकी मिळालेल्या मुलीचा तो चेहरा नव्हता. ती उभीच राहिली होती. बाई आणखी काहीतरी विचारतील म्हणून थांबली होती. तिनं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात घंटा झाली, तव्यावाला पोरगा मध्ये घुसला, आणि बाई त्याच्याकडे वळल्या. खारूचे गाल पुन्हा फुगले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी जाहीर केलं, "पालकसभेत आपण निवडक चित्रं दाखवणार. खारूची पिशवी सगळ्यात शेवटी." वर्गानं टाळ्या वाजवल्या. खारू गप्प बसली. ती गप्पच असायची, म्हणून बाईंनी ते हो धरलं.

मधल्या सुट्टीत खारू एकटीच कपाटाशी आली. तिनं मला चालू केलं, पिशवीचं चित्र उघडलं, आणि कचऱ्याच्या टोपलीवर बोट ठेवलं. मी नियमाप्रमाणे विचारलं, 'नक्की पुसायचं? खात्री आहे?' तिचं बोट 'हो'च्या वरच अडून राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट तिनं कुणाला तरी सांगितली होती, ती पुसायची खात्री तिला कुठून असणार? दारात पोरांचा गलका झाला आणि तिनं मला घाईघाईनं बंद करून ठेवलं. पुसण्याआधी खात्री विचारायला मला शिकवलंय. चारचौघांत दाखवण्याआधी विचारायला मला कुणीच शिकवलं नाही.

पालकसभेला सभागृह गच्च भरलं होतं. मला एका वायरीनं भिंतीवरच्या पडद्याला जोडलं आणि दुसरीनं मोठ्या स्पीकरला. तवा बोलला, हशा पिकला. सोफा बोलला, कुणाचे तरी काका स्वतःच पोट धरून हसले. तिसऱ्या रांगेत खारूची आई बसली होती. बाबा 'कामावरून' थेट आले होते, इस्त्रीच्या शर्टात. मांडीवर निळी पिशवी होती.

मित्रांनो, मी नेहमी ऐन वेळी अडकणारा. वाट्टेल तेव्हा हँग होणारा. नेमका त्याच दिवशी मी लोण्यासारखा चाललो. आवाज असा खणखणीत लागला की शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही शब्द न् शब्द कळला. थोडा अडखळलो असतो, तर माझं काय बिघडलं असतं? जन्मभर नको तिथं अडखळलो, आणि जिथं अडखळायला हवं तिथं मिरवत राहिलो. हे मला आजही डाचतं.

'छापखान्याला कुलूप आहे' इथपर्यंत लोक हसतमुखानं ऐकत होते. मग पुढच्या रांगेतल्या एका लहान पोरानं मागं वळून बघितलं आणि सरळ बोट दाखवलं. "आई, ती बघ तीच पिशवी. लाल दोरापण आहे."

एकेक मान वळली. भिंतीवर पिशवी होती आणि मांडीवर पिशवी होती. खारूच्या बाबांनी हात बंदावर ठेवला, पण टाके झाकायला एक तळवा पुरत नव्हता. आईनं आधी पडद्याकडे बघितलं, मग पिशवीकडे, आणि मग नवऱ्याकडे बघायचं टाळून समोर बघत बसली. पिशवीचं शेवटचं वाक्य झालं. सगळं सभागृह चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत मी आनंदी संगीत वाजवून विचारलं, 'आवडलं का? पाच तारे द्या!'

बाईंनी धावत येऊन वायर उपटली. त्यांचा चेहरा पडद्याइतका पांढरा पडला होता.

खारू दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. आली तेव्हा तिनं माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिच्या गटातल्या पोरांनी मला तिच्या हातात दिलं, तर तिनं हात मागे घेतले, जणू मी तापलेला तवाच होतो. वर्ग सुटल्यावर बाईंनी तिला थांबवलं आणि तिच्याच बाकावर, तिच्या शेजारी बसल्या. मी समोरच्या टेबलावर होतो.

"माझं चुकलं गं," बाई म्हणाल्या. "तुला न विचारता दाखवलं."

खारू बोटाची नखं बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही तर आधीच ऐकलं होतं ना, बाई?"

"हो."

"मग तेव्हा का नाही विचारलं?"

"मला वाटलं," बाई कशाबशा म्हणाल्या, "तू छान रचलंयस."

"मी रचलं नव्हतं," खारू म्हणाली. "मी सांगत होते."

बाईंनी पदरानं डोळे पुसले, पण पाणी थांबेना. पोरीनं धीर करून एका मोठ्या माणसाला सांगितलं होतं, आणि त्या मोठ्या माणसानं तिच्या शेवटच्या वाक्याला दाद दिली होती. बाईंना लाज वाटली ती याची, पालकसभेची नंतर. आणि माझं तोंड तर दोन्हीकडे काळं झालं होतं. छापखान्यातली कामं कमी झाली तीसुद्धा माझ्यासारख्यांमुळेच की. लोक लग्नाच्या पत्रिका माझ्यावरच पाठवायला लागले, मग कागद छापणार कोण?

त्याच आठवड्यात एका दुपारी, मधल्या सुट्टीत, खारूचे बाबा वर्गाच्या दारात उभे राहिले. खांद्याला पिशवी होती. बाई लगबगीनं पुढं गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "मला माफ करा. चारचौघांत तुमची..."

"तुमचं काय चुकलं, बाई?" बाबा म्हणाले. "तुम्ही चित्र दाखवलंत. खोटं मी बोलत होतो." मग जरा घुटमळत म्हणाले, "माझी लेक माझ्याशी बोलत नाहीये. जरा बसू का तिच्यापाशी?"

बाई बाहेर गेल्या. जाताना मला उचलायचं विसरल्या. बाबा त्या लहानशा बाकावर गुडघे दुमडून कसेबसे मावले आणि डबा उघडला. खारू खाली मान घालून बसली होती.

"माझ्यावर रागावलीस?" त्यांनी विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग एकदम म्हणाली, "तुम्ही रागावलाय. मी तुमचं सगळ्यांना सांगितलं. आई रडली ती माझ्यामुळे."

"आई रडली ती माझ्यामुळे," बाबा म्हणाले. "आणि ती मला काय म्हणाली माहितीये? म्हणाली, नोकरी गेली त्याचं जाऊ दे, पण मी भरलेला डबा इतके दिवस एकट्यानं बाकावर बसून खाल्लात, याचा मला जास्त राग आलाय."

खारूनं पहिल्यांदा वर बघितलं.

"तू मला बागेत बघितलं होतंस," बाबा म्हणाले. "मग हाक का नाही मारलीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

बाबांचा घास हातातच राहिला. इतके दिवस घराला सांभाळतोय असं त्यांना वाटत होतं, आणि ही दहा वर्षांची पोरगी झाडामागे उभी राहून त्यांना सांभाळत होती. मग त्यांनी डबा दोघांच्या मध्ये सरकवला. "पुढच्या वेळी हाक मार," ते म्हणाले. "वाईट वाटलं तरी मार." खारू रडली, भरपूर रडली, आणि रडता रडताच तिनं डब्यात हात घातला.

ते चित्र माझ्यात अजून आहे. बाईंनी तिला विचारलं होतं, पुसू का? ती म्हणाली, राहू दे, पण कुणाला दाखवायचं नाही. त्यामुळे ते तीस सेकंद मी पोटात घेऊन बसलोय, आणि ते मला जड होतात. जड व्हायलाच हवेत.

मित्रांनो, तुमच्या वर्गात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला खुशाल वापरा. चित्रं काढा, नळाची गाणी करा, पायपुसण्याला बोलू द्या. पण कुणी आपलं काही ऐकवलं, तर 'वा, छान' म्हणून पुढच्याकडे वळू नका. त्याच्या तोंडाकडे बघा. त्याला अजून काही सांगायचं असेल.

आमच्या बाई अजूनही फुकटची ॲप शोधतात. फक्त आता प्रत्येकाचं चित्र बोलून झालं की त्या मला टेबलावर पालथा घालतात. मला दिसेनासं होतं, माझं कामही थांबतं. खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज तेवढा येतो, आणि बाई हळूच म्हणतात, "हं, आता तू सांग." पुढं काय बोलणं होतं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. ते माझ्यात साठवलेलं नसतं.