माळ्यावरची पांढरी गुंडाळी

दिवाळीच्या अडीच महिने आधी सुरतेच्या डिंडोलीतली बेकरी बंद झाली आणि मंगलाबाईंच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. बेकरी त्यांची नव्हती की बेकरीवाला नात्यातला नव्हता. पण बावीस वर्षं दर दिवाळीला त्या मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून तिथे न्यायच्या, बायकांच्या ओळीत बसून नानकटाई थापायच्या आणि पत्रा भट्टीतून बाहेर येईपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. विकतची नानकटाई त्यांच्या लेखी आळशी बायकांसाठी होती. त्यात यंदा लेक रंजना पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि तिच्या सासरी नवापूरला दिवाळीचा डबा इथूनच जायचा होता.

त्यांचे यजमान पांडुरंग सहज म्हणून गेले की परसात आपणच भट्टी बांधू. बोलून गेले आणि अडकले. मंगलाबाईंनी संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सात घरी ही बातमी पोचवली होती.

पण पांडुरंगांना मनातून बरंच वाटलं होतं. रिटायर होऊन वर्ष झालं होतं आणि माणूस नुसता पेपर वाचून किती वाचणार. बावीस वर्षं ते हजीऱ्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे लॅगिंगच्या टोळीत होते. तापलेले पाइप, बॉयलर, भट्ट्या यांना बाहेरून ग्लासवूल किंवा सिरॅमिकच्या तंतूंचं ब्लँकेट गुंडाळायचं, म्हणजे आतली उष्णता आतच राहते, असं ते काम. त्याचा त्यांना भारी अभिमान. आग कुणीही पेटवील, ऊब धरून ठेवायला अक्कल लागते, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. माळ्यावर गोणपाटात एक पांढरी गुंडाळी होती, निरोपाच्या वेळी ठेकेदाराकडून मागून आणलेली. बोटभर जाडीचं हे ब्लँकेट मधे घातलं तर एका बाजूला लोखंड वितळेल आणि दुसऱ्या बाजूला मांजर झोपेल, असं त्यांनी मंगलाबाईंना निदान दहादा ऐकवलं होतं. हे बोलणं पुढे कुठे जाणार, हे त्यांना कुठून कळावं.

मदतीला चिंधा मिस्त्री आला. तो पांडुरंगांच्याच गावचा, खानदेशातल्या तापीकाठचा, आणि सुरतेत निम्म्या डिंडोलीच्या भिंती त्याने उभ्या केलेल्या. भट्टीच्या विटा जवळच्या सचिन गावातल्या एका भंगारवाल्याकडे मिळाल्या. खाली ओटा झाला, त्यावर विटांची फरशी झाली. मग चिंधाने ओल्या वाळूचा ढीग रचून त्याला घुमटाचा आकार दिला, वर ओले पेपर चिकटवले आणि त्यावर विटा बसवत नेल्या. चार दिवसांनी तोंडातून वाळू उपसली तेव्हा घुमट आपल्या जागी उभा होता. दोघे म्हातारे आळीपाळीने आत डोकं घालून पाहत राहिले.

आता ब्लँकेटची पाळी होती. त्या दिवशी पांडुरंगांनी मंगलाबाईंना आग्रह करून उधन्याला बहिणीकडे पाठवलं. संध्याकाळपर्यंत येऊ नकोस, म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी असा आग्रह कधी केला नव्हता, त्यामुळे मंगलाबाई खूश होऊन गेल्या.

खरं कारण वेगळं होतं. टोळीत असताना या कामाची काळजी म्हणजे हातांना खोबरेल चोपडायचं, तोंडाला गमछा बांधायचा आणि सुटी झाली की गुळाचा खडा चघळायचा. गुळाने छातीतली धूळ खाली उतरते, असं सगळे मानायचे. पांडुरंगांनी बावीस वर्षांत मणभर गूळ खाल्ला असेल. शेवटच्या दोन वर्षांत मात्र सेफ्टीची एक पोरसवदा मॅडम आली. तिने टोळीला बसवून सांगितलं की हे तंतू काचेच्या कुसळांसारखे असतात, गूळ पोटात जातो आणि हे छातीत, तिथे गुळाचं काही चालत नाही. चांगला मास्क लावा, ब्लँकेट भिजवून कापा, कोरडा झाडू मारू नका. आणि कामाचे कपडे घरी नेऊ नका, ते धुणारीच्या अंगात जातं.

हे शेवटचं ऐकताना पांडुरंग खाली मान घालून बसले होते. सुरतेत आल्यावर दुसऱ्याच वर्षी मंगलाबाईंनी त्यांना आपले हात दाखवले होते, कोपरापर्यंत लाल पुरळ. तेव्हा ते म्हणाले होते, सुरतेचं पाणी जड आहे, होईल सवय. त्यांना तेव्हा थोडं कळत होतं, पुरतं नव्हतं. पुढे पुरतं कळलं, पण तोवर सुरतेचं पाणी घरात मुरलं होतं. मंगलाबाई त्या पाण्याला शिव्या घालत त्यांचे निळे शर्ट दगडावर आपटत राहिल्या आणि ते आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. मॅडमचं ऐकूनही त्यांनी घरी एवढंच केलं की कपडे कंपनीतच बदलायला लागले. का, ते सांगितलं नाही.

तर त्या दिवशी त्यांनी सगळं मॅडमच्या सांगण्याप्रमाणे केलं. मेडिकलमधला साधा नव्हे, कामाचा जाड मास्क, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्या, हातमोज्यांवर मनगटाशी घट्ट बांधलेली दोरी. चिंधालाही तसंच नटवलं. तो म्हणाला, करोनात सुद्धा मी इतका सजलो नव्हतो. ब्लँकेटवर पाणी शिंपडून ते सुरीने कापलं, घुमटावर बसवलं, वर जाळी ताणली आणि अंधार पडायच्या आत सिमेंटचा गिलावा चढवून ते पुरतं झाकून टाकलं. ओल्या फडक्याने जमीन पुसली, फडकं पिशवीत घातलं. पांडुरंगांनी अंघोळ केली आणि आपले कपडे आपल्या हाताने वेगळ्या बादलीत धुतले. मंगलाबाईंनी परत आल्यावर दोरीवर ते वाळत घातलेले पाहिले आणि सूर्य आज कुठे उगवला, असं विचारलं. चिखल फार होता, ते म्हणाले. ही त्या दिवशी सांगायची वेळ होती. तीही गेली.

दोन हात ब्लँकेट उरलं होतं. ते गोणपाटात गुंडाळून त्यांनी पुन्हा माळ्यावर टाकलं. चांगली वस्तू फेकवत नाही, हा रोग आपल्या सगळ्यांनाच आहे.

नवरात्र संपता संपता रंजना आली, आठवा लागलेला. भट्टीत आठवडाभर रोज थोडा थोडा जाळ करून ती सुकवणं चाललं होतं. पांडुरंग दर तासाला घुमटावर हात ठेवून पाहायचे. आत निखारे आणि बाहेर जेमतेम कोमट. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावायला लावायचे. मंगलाबाईंनीही लावला, आणि त्या बराच वेळ हात तसाच ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोक्यात काय चाललंय हे विचारायचं पांडुरंगांना सुचलं नाही.

पहिल्या भाजणीचा दिवस ठरला. चार वाजता गल्लीतल्या बायका डबे घेऊन येणार होत्या. दुपारची जेवणं झाली, पांडुरंगांनी भट्टीत लाकडं रचली, जाळ धरला आणि ते पायरीवर टेकले. रंजना आतून काहीतरी छातीशी धरून आली.

"पप्पा, जुओ ने, मम्मीने बाळासाठी केली. किती पोची आहे, एकदम मऊ."

गोधडी होती. दोन वीत रुंद, चार वीत लांब. वरून मंगलाबाईंच्या जुन्या मऊ साड्यांचे तुकडे, कडेला साडीबाजारातून आणलेल्या जरीच्या कात्रणांची किनार, आणि सगळ्या अंगावर मुंगीच्या पावलांसारखे टाके. आमच्या बायका बाळासाठी नवं कापड वापरत नाहीत, जुनं सुतीच घालतात. पांडुरंगांनी कौतुकाने हात पुढे केला आणि बोटं गोधडीवर टेकताच मागे घेतली. बावीस वर्षं त्या बोटांनी दुसरं काही हाताळलं नव्हतं. रंजना डाव्या हाताने उजवा हात खाजवत होती. एका टाक्यातून पांढरा तंतू वर आला होता.

मंगलाबाई दारात आल्या, हसत. बाळ ऐन थंडीत येणार. नुसत्या चिंध्यांनी काय ऊब राहते? तुम्हीच म्हणता ना, एका बाजूला जाळ आणि दुसऱ्या बाजूला मांजर. म्हणून माळ्यावरचं ते मधे घातलं, असं त्यांनी सांगितलं. शिवताना बोटं फार खाजली, आणि त्याबद्दल त्यांनी सवयीने सुरतेच्या पाण्याला दोन शब्द सुनावले.

काहीतरी थाप मारून गोधडी काढून घेता आली असती. उंदराने खाल्लं, जळलं, काहीही. बावीस वर्षांचा सराव होता. त्यांनी रंजनाकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं.

ते म्हणाले, "रंजे, ती हळूच खाली ठेव. झटकू नको. अंघोळ कर आणि ड्रेस बादलीत भिजत टाक. आई धुणार नाही, मी धुईन."

मग त्यांनी सांगितलं. तंतूंचं सांगितलं, छातीचं सांगितलं, गुळाचं सांगितलं. आणि ते थांबू शकले असते तिथे थांबले नाहीत. सुरतेच्या पाण्यात काही नव्हतं मंगल, म्हणाले, ते माझे शर्ट होते. मला ठाऊक होतं. रंजना भिंतीला टेकून ऐकत होती. मंगलाबाईंनी आपले दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले, जणू ते कुणा दुसरीचे होते. आणि त्या आत गेल्या.

पांडुरंग उठले. मास्क लावला, चष्मा लावला. गोधडीवर पाणी शिंपडलं, ती पुरती ओली झाल्यावर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातली, ती पिशवी दुसरीत. जुन्या फोरमनला फोन केला. कंपनीच्या असल्या कचऱ्याबरोबर ही पाठवतो, असं त्याने कबूल केलं. हात चालत होते, पण कान आतल्या खोलीकडे होते. आतून ट्रंक सरकवल्याचा आवाज आला. बाई माहेरी निघाली की काय, असं साठीच्या माणसाला वाटलं, यावरून काय ते समजा.

मंगलाबाई बाहेर आल्या त्या दोन्ही हातांवर त्यांची थोरली गोधडी घेऊन. नवराबायकोची, रोजच्या वापरातली, वीस वर्षं जुनी. ती त्यांनी पांडुरंगांच्या पायापाशी ठेवली.

"हिनामा तुमना निळा शर्ट शेतस. चार. मीच घालेल शेतस, मधला थरमा," त्या गावच्या अहिराणीत म्हणाल्या.

जुन्या कपड्यांचा थर द्यायचा, ही तर रीतच. या गोधडीखाली ते दोघं झोपले, तापात रंजना झोपली.

शंभरदा धुतलीय ही, ते घाईघाईने म्हणाले, हिच्यात आता काही राहिलं नसेल.

मंगलाबाईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. आवाज चढला नाही. "खरंच काही नही, का माले पुन्हा पाणीच सांगी ऱ्हायनात?"

भट्टीत एक लाकूड फुटलं. पांडुरंगांनी मास्क खाली ओढला.

"माले माहीत नही, मंगल," ते म्हणाले. "खरंच माहीत नही."

"हां," मंगलाबाई म्हणाल्या. "आसं सांगत जाय."

त्यांनी हात पुढे केला. पांडुरंगांना आधी कळलं नाही, मग कळलं. मास्कच्या पाकिटात दुसरा मास्क होता. तो त्यांनी मंगलाबाईंच्या तोंडाला लावला, नाकावरची पट्टी दाबून बसवली, मागची रबरं केसांत अडकली ती सोडवली. मंगलाबाई मान न हलवता उभ्या होत्या. मग मंगलाबाईंनी नव्या पिशवीचं तोंड उघडं धरलं आणि पांडुरंग थोरल्या गोधडीवर पाणी शिंपडू लागले.

चार वाजता बायका डबे घेऊन आल्या तेव्हा दोघेही न्हाऊन, ओल्या केसांनी पायरीवर बसले होते आणि भट्टी तापून तयार होती.