नव्वद टक्के हजेरी

न्सावामच्या अननस-रसाच्या कारखान्यात माणसं बासष्ट आणि सूचनाफलक एक. पुढचं सगळं त्यातून घडलं.

अराबा एशुन तिथली कर्मचारी अधिकारी. ऑगस्टमध्ये तिला अक्राच्या मुख्य कचेरीचं पत्र आलं. सप्टेंबर संपायच्या आत 'संघविकास दिन' घ्यावा, हजेरी किमान नव्वद टक्के असावी, बाहेरच्या तज्ज्ञाची सही असावी. न जमल्यास न्सावामचा कर्मचारी विभाग अक्रात विलीन करण्यात येईल. विभाग म्हणजे अराबा, एक टेबल आणि एक पंखा. टेबल आणि पंखा काही कुठे जाणार नव्हते. उरलं कोण, ते कळायला तिला पत्र दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही.

कारखान्याला विकासाची गरज नव्हती असंही नाही. बाटल्या भरण्याकडचा मुकादम ओपारे आणि भांडार सांभाळणारी देदे मावशी यांचं चौदा महिने बोलणं बंद होतं. कशावरून, ते कुणाला आठवत नव्हतं; त्या दोघांनाही नाही. बुचं संपली की ओपारे चिठ्ठी लिहायचा. ड्रायव्हर याव अजेकुम ती भांडारात न्यायचा. मावशी ती डोळ्यांपासून लांब धरून वाचायची आणि मागच्या बाजूला 'अक्षर लागत नाही' असं लिहून परत पाठवायची. तोवर यंत्र उभं. अराबाने घड्याळ लावून पाहिलं होतं. रोजची सरासरी चाळीस मिनिटं. याव गाडी घेऊन बाहेरगावी गेला असेल तर दीड तास.

तिने सप्टेंबरचा शेवटचा शनिवार धरला, अक्राहून तज्ज्ञ ठरवला, रंगीत सूचना छापली. फलकावर जागा नव्हती, म्हणून एका जुन्या कागदावरच चार टाचण्या मारून ती लावली. खालचा कागद कसला, ते पाहिलं नाही. यावची आई एप्रिलमध्ये वारली हे तिला ठाऊक होतं; मृत्यूनंतर आठवड्याने भरते त्या शोकबैठकीला ती स्वतः जाऊन आली होती. पण तिकडे देह शवागारात ठेवून अंत्यविधी महिन्यांनी, सवडीने करतात; त्याची तारीख भावंडांनी तीनदा बदलली, आणि चौथी ठरली तेव्हा अराबा अक्रात प्रशिक्षणाला होती. प्रशिक्षणाचा विषय होता 'संवाद'.

कामगारांनी सूचना वाचली, तिचा कोपरा उचलून खालचा कागदही वाचला. वार एकच, तारीख एकच, वरच्या सूचनेत ठिकाण नाही, दोन्ही मॅडमच्याच हाताने एकावर एक. म्हणजे कार्यक्रम एकच, यात कुणाला शंका आली नाही.

शुक्रवारी तिने ओपारेला गाठलं. "उद्या येतायत ना सगळे?"

"मॅडम, न येऊन तोंड कुठे दाखवायचं?"

"बस सातला निघेल."

"सात? पहाटे चारला काढतो. पोचल्यावर मांडामांड का थोडी असते?"

एवढा उत्साह तिने या कारखान्यात सुट्टीच्या दिवशीही पाहिला नव्हता. "मग मी तज्ज्ञांना घेऊन मागून येते."

"मागूनच या. मोठ्या माणसांनी मागूनच यायचं असतं."

शनिवारी सातला तज्ज्ञ मिस्टर लँप्टी फाटकाशी हजर झाले. अंगात पिवळा सदरा, त्यावर 'एकजुटीने उंच भरारी', हातात दोर, डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या आणि चेंडूंचं पोतं. पहारेकरी काळे कपडे घालून बसला होता.

"मॅडम, तुम्ही अजून इथेच?" तो म्हणाला. "सगळे बेगोरोला गेले."

"बेगोरोला? विश्रामगृह तर आबुरीला घेतलंय!"

पहारेकऱ्याने तिला फलकापाशी नेलं आणि सूचनेचा कोपरा उचलला. खालच्या अंत्यविधीच्या पत्रकातल्या फोटोतून यावच्या आईने तिच्याकडे पाहिलं. वय वर्षं एक्याऐंशी, अंत्यविधी बेगोरोला.

"आणि तू रे?"

"फाटक कोण सांभाळणार? मी सोडून साठ गेलेत. तुम्ही गेलात की एकसष्ट."

लँप्टींनी मनात हिशेब केला. "अठ्ठ्याण्णव टक्के. बारा वर्षांत एवढी हजेरी मी पाहिली नाही."

"पण ती आपल्याकडे नाही ना."

"तेही खरं."

दोघं टॅक्सी करून निघाले. तज्ज्ञाने भरून सही करायचा मूल्यमापनाचा कागद अराबाच्या पर्समध्येच राहिला होता, आणि बेगोरो येईपर्यंत ती टेबल आणि पंख्याचा विचार करत होती.

मांडवात शोकाचं काळं आणि लाल सोडून तिसरा रंग नव्हता. एका म्हातारीने लँप्टींचा सदरा वरपासून खालपर्यंत पाहिला, त्यांच्या खांद्यावर काळं कापड टाकलं आणि हातात चार खुर्च्या दिल्या. "भरारी मग मार."

मांडव, खुर्च्या, पाणी ओपारेकडे होतं. चुलींवरची तीन पातेली देदे मावशीकडे. हुकूम कुणी सोडत नव्हतं आणि काम कुठे अडत नव्हतं. अडलं ते मावशीचं पाणी संपलं तेव्हा. सवयीने तिने यावला शोधलं. याव शवपेटीशेजारी बसून लोकांशी हात मिळवत होता. चिठ्ठी न्यायला माणूसच नव्हता. मावशीने पळी कमरेला लावली.

"ओपारे! पाणी आणतोस, की मी रडून भात शिजवू?"

कांदा चिरणाऱ्या बायांच्या सुऱ्या थांबल्या.

"किती?" ओपारे म्हणाला.

"डोळे आहेत ना? दोन पिंपं!"

"एक आणतो. दुसरं तू उचल. हात काय भांडारात कुलपात ठेवून आलीस?"

सुऱ्या पुन्हा चालू झाल्या, जरा जोरातच.

दुपारी शवपेटी उचलली. सकाळपासून कोरड्या डोळ्यांनी वावरणारा याव उभा राहिला, त्याने डोळे मिटले आणि तो फळीसारखा सरळ मागे पडला. कुणी ओरडलं नाही. मागे ओपारे होता. त्याने हातातलं पिंप सोडून दिलं. पलीकडून मावशी पळीसकट आली. बाटल्या धुणारे दोघं कुठून आले ते दिसलंच नाही. जमिनीला टेकायच्या आत चौघांनी त्याला झेललं. डोकं ओपारे आणि मावशीच्या हातांत होतं. त्याला बसवलं, पाणी पाजलं, मावशीने पदराने त्याचं तोंड पुसलं, आणि जो तो कामाला गेला.

लँप्टी खुर्ची धरून उभेच होते. हाच प्रकार ते गेली बारा वर्षं लोकांना हिरवळीवर, खाली गाद्या घालून शिकवत होते, आणि निम्मे लोक पडायला तयार होत नसत.

"मॅडम," ते म्हणाले, "तो कागद आणलाय का?"

खुर्चीवर बसून त्यांनी तो भरला. परस्पर विश्वास: दिसला. संवाद: चौदा महिन्यांनी सुरू. नेतृत्व: कोण करतं ते कळलं नाही, पण होतं. निरोगी आहार: शेळीचा रस्सा, दोनदा घेतला. खाली सही.

"हे खोटं तर होत नाही ना?" अराबाने विचारलं.

"कुठलं खोटं ते दाखवा, खोडतो."

तिने कागद वरून खाली वाचला, मग खालून वर. सापडलं नाही.

ऑक्टोबरात यंत्राचं उभं राहणं नऊ मिनिटांवर आलं. तेवढा वेळ दोघांना तोंडातोंडी भांडायला लागायचाच. महिनाअखेरीस अक्राचं पत्र आलं. विभाग न्सावामलाच राहील. उपक्रम अनुकरणीय आहे. दर तिमाहीला, याच स्वरूपात घ्यावा.

अराबाने ओपारे आणि मावशीला बोलावून पत्र वाचून दाखवलं.

"माझा काका आहे," ओपारे म्हणाला. "फेब्रुवारीपासून शवागारात. पोरांचं तारखेवर एकमत होत नाही. आख्खा कारखाना येतोय म्हटल्यावर डिसेंबरला हो म्हणतील."

"डिसेंबरात नाताळच्या ऑर्डरी असतात, अक्कल आहे का?" मावशी म्हणाली. "मार्च घे."

"मार्चला माझी आत्या आहे."

"आत्या? ती काल बाजारात कोंबडीचा भाव पाडत होती!"

"म्हणून तर मार्च म्हणतोय."

अराबाने वही उघडली. डिसेंबरपुढे शाईने 'ओपारेंचे काका' लिहिलं. मार्चपुढे पेन्सिलीने लिहायला गेली, थांबली, आणि जागा कोरी ठेवली. मग नवी सूचना घेऊन ती फलकापाशी गेली, आणि टाचणी मारण्याआधी खालचा प्रत्येक कागद उचलून वाचला.