आज परवा आहे

दातकाका दुसऱ्यांच्या तोंडात बत्तीस दात मोजून बसवायचे, पण स्वतःच्या डोक्यात एका वेळी दोन गोष्टी राहतील तर शपथ. दाताच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती, तिथे गेली तीस वर्षं ते कवळ्या बनवत. कुणाची खालची कवळी कुठे बोचते हे त्यांना दहा वर्षांनीही आठवे. घरून निघताना गॅस बंद केला का, हे मात्र जिना उतरेपर्यंत विसरलेलं असे. बायको होती तोवर आठवणींचं खातं तिच्याकडे होतं. ती गेली आणि घोडं पेंड खाऊ लागलं.

पाच महिन्यांपूर्वी तर कहरच झाला. त्यांची थोरली बहीण, ताई, शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेली आणि एकटी राहणारी. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ‘मी येतो न्यायला, तू काळजीच करू नकोस,’ असं छातीठोकपणे सांगणारे काका त्या सकाळी मेणात दात लावत बसले, ते दुपारपर्यंत. ताई टॅक्सीने एकटी गेली आणि डोळ्यावर पट्टी बांधून एकटीच परत आली. संध्याकाळी फोनवर ती एवढंच म्हणाली, “तुला माझी पर्वा नाही.”

त्यानंतर तिने त्यांचा फोन उचलला नाही. काका दोनदा तिच्या घरी जाऊन आले. तिने पाणी दिलं, तब्येत विचारली, चहाचं नाव काढलं नाही. ज्या घरात त्यांची चप्पल दारात वाजायच्या आत आधण चढायचं, तिथे ही तऱ्हा. भांडली असती तर बरं, असं काकांना वाटलं. त्यांना फार वाईट वाटलं होतं आणि ते सांगावं कसं हे कळत नव्हतं.

दुसऱ्या शहरात नोकरी करणारी लेक सुट्टीला आली तेव्हा तिने यावर तोडगा काढला. ईमेल आज लिहायचा, तो निघायची वेळ पुढची लावायची, आणि पाठवायचा स्वतःलाच. काका म्हणाले, त्यापेक्षा गजर काय वाईट? लेक म्हणाली, गजर नुसता बोंबलतो, कशासाठी ते सांगत नाही. हे त्यांना पटलं. मग ते स्वतःला मेल लिहू लागले, पण शब्दागणिक पैसे पडत असल्यासारखे. ‘गॅस.’ ‘केस काप.’ ‘छत्री डॉक्टरांची आहे, परत दे.’ कधी वैतागून ते ‘कापले’ असं उत्तरही देत. ते त्यांनाच येई, आणि आपल्याला बरेच मेल येतात म्हणून त्यांना जरा बरंही वाटे.

एका सोमवारी लेकीचा फोन आला. “बाबा, आत्याच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन परवा आहे. सकाळी आठला निघणार आहे, एकटीच. तुम्हाला सांगू नको म्हणाली, म्हणून सांगतेय.”

काकांनी लगेच मेल लिहिला, ‘परवा. आठ. ताई.’ आणि मंगळवारी सकाळी सातची वेळ लावली, म्हणजे एक दिवस आधी तयारीला मिळेल. या खेपेला चुकलो तर तो दरवाजा कायमचा बंद, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आपल्या भाषेत परवा हा मोठा दुतोंडी शब्द. होऊन गेला तोही परवा आणि यायचा आहे तोही परवा. काकांनी त्यात तिसरीच भर घातली. सोमवारी लिहिलेला परवा त्यांनी मंगळवारी वाचला, बोटांवर मोजला आणि गुरुवार काढला. डॉक्टरांकडून गुरुवारची रजाही मंजूर करून घेतली. बुधवारी काम उरकून टाकू म्हणून त्या दिवशी सकाळी सातलाच ते खोलीत हजर झाले.

वाडग्यात प्लास्टर कालवत असताना फोन किणकिणला. मेल त्यांचाच होता. ‘ऊठ. आज परवा आहे.’

हा आपण कधी लिहिला, काकांना काही आठवेना. आज परवा कसा असेल? परवा तर गुरुवारी आहे. त्यांनी पुन्हा वाचलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सोमवारी त्यांनी एक सोडून दोन मेल लावले होते आणि दुसरा साफ विसरले होते. स्वतःवर विसंबायचं नाही, एवढं मात्र त्या दिवशी त्यांच्या लक्षात राहिलं होतं. वाडगा तसाच टाकून ते पळाले. प्लास्टरचा पार दगड झाला.

ताई दाराला कुलूप लावत होती. खाली टॅक्सी उभी होती. कोपरापर्यंत पांढरे हात घेऊन धापा टाकणाऱ्या भावाकडे तिने पाहिलं आणि विचारलं, तुला कसं कळलं? काकांनी फोन पुढे केला. ताईने तो हातभर लांब धरला आणि बऱ्या झालेल्या डोळ्याने सावकाश वाचलं.

“पर्वा असं लिहितात,” ती म्हणाली. “‘वा’वर रफार देऊन. शाळेतही तुझा हाच घोळ होता.”

हा वाराचा परवा आहे, असं काका सांगणार होते. पण ते शब्द त्यांनी गिळले.

“चुकलो, ताई,” ते म्हणाले. “रफार द्यायचा राहिला.”

ताईने हातातली पिशवी त्यांच्याकडे दिली आणि जिन्यात त्यांच्या दंडाला धरलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात काका फॉर्म भरत होते तेव्हा त्यांचा फोन ताईकडेच होता. ऑपरेशन नीट पार पडलं. संध्याकाळी तिला घरी सोडून ते परतले.

गुरुवारी सकाळी सातला मेल आला. पाठवणारे तेच, पण भाषा काही त्यांची नव्हती. पूर्ण वाक्यं, जागच्या जागी स्वल्पविराम. लेकीने ही विद्या आत्यालाही शिकवली होती तर.

‘आठ वाजता पट्टी काढून डोळ्यात थेंब घालायचे आहेत. येताना दूध आण, चहा इथेच घे. उद्याही ये, आणि परवाही. हा परवा रफाराशिवायचा, तुझ्या कालच्या मेलमधला होता तसा.’

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. काकांनी ‘येतो’ म्हणून उत्तर धाडलं. ते अर्थातच त्यांनाच आलं. मग त्यांनी फोन लावला, आणि ताईने तो पहिल्या रिंगलाच उचलला.